तीस हजारांत तीन फोटो, व्हाया बोरा बाजार

सीएसटीला लोकलमधून उतरलेली गर्दी सबवेतून बाहेर पडते आणि नाकासमोर ऑफिसकडे चालू लागते. नाव २०१७मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं, पण आपल्या तोंडात अजून सीएसटीच आहे, आणि आईबाबांच्या तोंडात तर व्हीटी. एखाद्या शनिवारी ही नाकासमोर चालायची सवय मोडा. जीपीओच्या बाजूनं आतल्या गल्ल्यांत वळा. चालताना हातगाडीला, हमालाला आणि पार्सलच्या ढिगाला वाट द्यावी लागायला लागली की समजायचं, बोरा बाजार आला.

फोर्टातला हा भाग म्हणजे मुंबईच्या फोटोवाल्यांचं माहेरघर. डी. एन. रोडवर काचेची चकचकीत दुकानं आणि आतल्या गल्ल्यांत त्यांची धाकटी भावंडं. छताला टांगलेल्या छत्र्या पावसाच्या नसून फ्लॅशच्या असतात. लग्नाचे अल्बम, फोटोपेपर, ट्रायपॉड, बॅटऱ्या, बॅगा असं सगळं एकावर एक रचलेलं. लग्नसराई जवळ आली की गावोगावचे स्टुडिओवाले इथे खरेदीला येतात. त्यांच्या गर्दीत तुमच्या-माझ्यासारखे, ऑफिसची आयडी कार्डं गळ्यात विसरलेले, हौशी लोकही असतात. ते लगेच ओळखू येतात. कारण स्टुडिओवाला दुकानात शिरल्या शिरल्या मॉडेल नंबर सांगतो आणि आपण विचारतो, ‘कॅमेऱ्यात चांगलं काय आहे?’

या प्रश्नाचं उत्तर महाग पडतं. ते कसं टाळायचं आणि परवडेल असा कॅमेरा कसा निवडायचा, त्याची ही गोष्ट. गल्ली बोरा बाजारची, पण शेवट वाईच्या घाटावर.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न घरी मला चौघांनी विचारला. प्रश्न बरोबरच आहे. भर उन्हातल्या निसर्गासाठी आजचा बरा फोन पुरेसा आहे. तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम्स घेतो, त्या जोडतो आणि आभाळ आणि जमीन दोन्ही नीट दाखवतो. स्टेटसला टाकायचं असेल तर विषय संपला.

माझा विषय वेगळा होता. वाईला मधल्या आळीत आमचं जुनं घर आहे. आजी आणि काका-काकू तिथे राहतात. घर डेव्हलपरला द्यायचं यंदा नक्की झालं. कागदं झाली, दिवाळीनंतर रिकामं करायचं ठरलं. त्याआधी दसऱ्याला सगळ्यांनी एकत्र जमायचं, असं आत्यानं फर्मान काढलं. आजी शहाऐंशी वर्षांची. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘सध्या घरीच असते’. त्यामुळे फोटोंचं काम आपोआप माझ्याकडे आलं. सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली. बाबांनी त्यात भर घातली आणि आकडा ठरला तीस हजार रुपये. आत्याची अट एकच होती: ‘फोटो भिंतीवर लावण्यासारखे हवेत. मोबाइल बदलला की जातील असे नकोत.’

तीस हजारांत नवा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा जवळपास मिळत नाही. मग कॅमेऱ्यांच्या याद्या वाचण्याऐवजी मी वेगळी यादी केली. मला कोणते फोटो हवेतच हवेत, त्यांची. तीनच निघाले.

एक. माजघरात, खिडकीपाशी बसलेली आजी. फ्लॅश न वापरता.

दोन. घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे सतराजण.

तीन. पसरणीच्या घाटातून पहाटे दिसणारं वाई आणि कृष्णेचं खोरं.

हा कागद खिशात घालून मी बोरा बाजारात शिरले. माझ्या मते कॅमेरा घ्यायची हीच खरी पद्धत आहे. आधी फोटो ठरवायचे, मग कॅमेरा. उलटं केलं की आपण बावीस सीन मोड्सचे पैसे भरतो आणि त्यातले दोन वापरतो.

पहिला फोटो अर्धं दुकान रिकामं करतो

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी नेहमीप्रमाणे ‘बजेट बोला मॅडम’ म्हटलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, ‘पहले ये बोलो, घर में लाइट कैसा है?’

वाईच्या जुन्या घरातलं माजघर म्हणजे एक खिडकी आणि एक चाळीसचा बल्ब. अशा उजेडात कॅमेऱ्यापुढे दोनच मार्ग असतात. एक तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, मग हललेला माणूस पुसट येतो. नाही तर सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ वाढवायचा, मग फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. यातून वाचवणाऱ्या गोष्टी दोनच, मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लेन्स. मेगापिक्सेल इथे काही कामाचे नाहीत.

आकडे बघा. लांबच लांब झूमवाले जे कॅमेरे असतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. डीएसएलआर आणि मिररलेसमध्ये सर्रास येणारा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६चा, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. तेरापट! अंगणात ठेवलेली वाटी आणि परात यांच्यात जास्त पाणी कशात साठेल, तसाच हा हिशेब आहे. म्हणून पन्नासपट झूमचा तो रुबाबदार कॅमेरा, जो दुरून डीएसएलआरसारखा दिसतो आणि ज्याच्याकडे घरातल्या काका लोकांचा हात आधी जातो, माझ्या यादीतून पहिल्याच फोटोला बाद झाला. चंद्रावरचे खड्डे त्यात छान दिसतात. माजघरातली आजी दिसत नाही.

लेन्सचंही तेच. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंत आकसते. एफ १.८ची साधी, झूम नसलेली लेन्स त्याच्या नऊपटींहून जास्त उजेड आत घेते. हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

इथे काकांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. बाजारात सगळ्यात जास्त खपणारी स्वस्त लेन्स ५० मिलिमीटर एफ १.८ची. फोटो सुरेखच येतात. पण एपीएस-सी बॉडीवर ती फुलफ्रेमच्या ७५-८० मिलिमीटरसारखी वागते. बागेत ठीक आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकली तरी समोर फक्त चेहरा मावतो. घरातल्या फोटोंसाठी ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बरी. ‘आजी के साथ खिडकी भी चाहिए ना?’ त्यांनी विचारलं. हवीच होती. घरच तर जाणार होतं.

दुसरा आणि तिसरा फोटो

सतरा माणसांच्या फोटोला अंधुक उजेडाची अडचण नसते. अडचण असते ती सतरावा माणूस कॅमेऱ्याच्या मागे असण्याची. म्हणजे टायमर हवा, आणि तो एकच क्लिक करून थांबणारा नको. सतराजणांत कोणीतरी डोळे मिटतंच. एका दमात अनेक फोटो काढणारा टायमर असेल तर काम सोपं होतं. शिवाय मागच्या रांगेतल्या काकांपासून पुढच्या रांगेतल्या पोरांपर्यंत सगळे शार्प यायला हवेत. त्यासाठी लेन्स एफ ८ला नेऊन ठेवायची. ते साधी किट लेन्सही उत्तम करते. तिला कोणी नावं ठेवू नका.

तिसऱ्या फोटोला हवा ट्रायपॉड आणि असा सेन्सर, जो उजळ आभाळ आणि काळोखी दरी दोन्हींतलं काहीतरी शिल्लक ठेवेल. पहाटे दरी काळी असते आणि क्षितिज पेटलेलं. रॉ फाइलमध्ये फोटो काढला तर काळोखातला तपशील नंतर कॉम्प्युटरवर वर आणता येतो. म्हणून ‘रॉ आहे का?’ हा प्रश्न कोणत्याही कॅमेऱ्याला विचारायचाच.

तिन्ही फोटो एकाखाली एक लिहिले आणि गणित सुटलं. एपीएस-सी सेन्सर, रॉ, अनेक क्लिक्सचा टायमर, किट लेन्स, वर एक ३५ची एफ १.८. तीस हजारांत नवं बसणार नाही, पण सेकंडहॅण्ड बसेल.

सेकंडहॅण्डला लाजू नका

निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८मध्ये फुलफ्रेम मिररलेस कॅमेरे आणले आणि त्यानंतर आपला सगळा जोर तिकडेच लावला. व्यावसायिक फोटोग्राफर तिकडे वळले, त्यांच्या मागून हौशी वळले आणि त्यांचे डीएसएलआर बोरा बाजारातल्या काचेच्या कपाटांत येऊन बसले. कॅमेरे वाईट झाले म्हणून नाही, फॅशन बदलली म्हणून. आपल्यासारख्यांसाठी याहून चांगला सेल नाही.

गंमत म्हणजे, त्याच कपाटाच्या खालच्या खणात उलटा प्रकार चालू आहे. २०००च्या दशकातले ते चंदेरी, खिशात मावणारे छोटे डिजिटल कॅमेरे आता कॉलेजची पोरं शोधत येतात. त्यांना ते ‘रेट्रो’ वाटतात. पार्टीत फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंचा तो लूक मजेदार आहेच. पण हौस म्हणून घ्यायचा तर आधी त्यात कार्ड कोणतं लागतं ते बघा. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीफिल्ममध्ये एक्सडी कार्ड असायचं, सोनीत मेमरी स्टिक. आता ती मिळवताना दमछाक होते. आणि आजीच्या माजघरासाठी तो कॅमेरा नाही, कारण त्याचा सेन्सरही वाटीएवढाच.

माझ्यासमोर शेवटी दोन बॉडी उरल्या. कॅनन २००डी, २०१७चं मॉडेल, लहान आणि हलकं. दुसरी निकॉन डी५३००, २०१३चं मॉडेल, २४.२ मेगापिक्सेल, सगळीकडे वळणारी स्क्रीन, बॉडीचं वजन ४८० ग्रॅम. कॅनन हातात छान बसला. पण निकॉनच्या टायमरमध्ये वीस सेकंदांनंतर एकामागून एक नऊ क्लिक्स होतात, आणि त्याच्या जोडीला ३५ची एफ १.८ लेन्स त्याच दुकानात वापरलेली मिळत होती. कॅननसाठी तशी रुंद लेन्स एफ २.८ची होती, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी. माझ्या यादीनं निकॉनला मत दिलं. तुमची यादी वेगळी असेल, तर मतही वेगळं असेल.

एक मेख मात्र सांगून ठेवते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हातानं करावा लागतो. स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. ‘एएफ-एस’ लिहिलेली बघून घ्या.

कॅमेऱ्याची मेडिकल

वापरलेला कॅमेरा घेणं म्हणजे कांदेपोहे. समोरचा सगळं चांगलंच दाखवणार, बघायचं आपण. दुकानातला मुलगा कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर गल्लीत आला आणि अर्ध्या तासात सगळी तपासणी झाली.

आधी लेन्स. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारायचा आणि दुसऱ्या बाजूनं आरपार बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत, कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. धुळीचे दोन कण चालतील, बुरशी अजिबात नको. किंमत कितीही खाली आली तरी.

मग सेन्सर. एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून बघायचा. करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. नंतर लेन्सचं झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो. काळ्या फ्रेममध्ये लाल-हिरवे टिंब चमकले तर काही पिक्सेल बिघडलेत.

मग शटर काउंट. या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिक्सच्या हिशेबानं बनवलेलं असतं. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, दुकानदार कॉम्प्युटरवर लगेच दाखवतो. मी घेतलेल्याचा निघाला एकोणीस हजार. ‘एक ही हाथ का है,’ काका म्हणाले. ते मी ऐकलं, पण विश्वास आकड्यावर ठेवला.

शेवटी बॉडी. रबराची ग्रिप सुटलेली नाही ना, स्क्रीनची बिजागरी ढिली नाही ना, बॅटरी फुगलेली नाही ना, बॉक्सवरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर एकच आहे ना.

आणि खरा पेपर सोडवायला बोरा बाजारासारखी जागा नाही. गल्लीत दुपारीही सावली असते, तिथे चालत्या हमालाचे, चहावाल्याचे फोटो काढून बघता येतात. पाच मिनिटं चालून बाहेर या, समोर सीएसटीची इमारत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं आखलेली, २००४पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. घुमट, कमानी, दगडातले प्राणी-पक्षी, रंगीत काचा, असा बारीक तपशील ठासून भरलेला. लेन्स कडेला पुसट पडते का ते या इमारतीचा एकच फोटो सांगतो.

बॉडी, किट लेन्स, चार्जर आणि एक बॅटरी मिळून बावीस हजार. ३५ची लेन्स साडेसात हजार. उरलेल्या पाचशेत मेमरी कार्ड. त्यावर दुकानाची तीन महिन्यांची वॉरंटी आणि पक्कं बिल. बिलाशिवाय थोडं कमी होईल, असं गल्लीत कोणी ना कोणी सांगतंच. ते थोडं कमी पुढे थोडं जास्त पडतं. ट्रायपॉड मैत्रिणीकडून उसना. भूक लागली असेल तर जवळच पेरीन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला आहे. खरेदी झाल्यावर जा. पुरी-भाजीच्या तेलकट बोटांनी लेन्स हाताळायची नसते.

आता वाई

ज्या फोटोंसाठी हा खटाटोप केला, ते काढायला दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाई गाठली. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, सुरूरला हायवे सोडला की कृष्णेचं खोरं सुरू होतं. ऑक्टोबरात पाऊस नुकताच सरलेला असतो, हळदीची शेतं हिरवीगार आणि मागे पांडवगड. बहुतेक गाड्या वाईतून थेट पाचगणी-महाबळेश्वरला निघून जातात. कॅमेरा असलेल्या माणसानं इथे उतरावं. नदीवर एकामागून एक घाट, आणि घाटावर १७६२मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जावं म्हणून.

पहाटे पाचला दादाला उठवून पसरणीच्या घाटात गेलो. नागमोडी वळणांच्या त्या रस्त्यावरून खाली वाई, डावीकडे-उजवीकडे डोंगरांच्या रांगा आणि मागे धोम धरणाचं पाणी. गाडी सुरक्षित जागी लावा, कठड्याच्या आत राहा, वळणावर मुळीच थांबू नका. ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा बसत नाही. साडेसहाच्या सुमाराला उजाडलं. खोऱ्यात धुक्याचा पट्टा आणि त्यातून वर आलेली दोन-चार कळसांची टोकं. दादानं त्याच वेळी फोनवर फोटो काढला. खरं सांगू? स्क्रीनवर त्याचा फोटो जास्त झकास दिसत होता. रंग भडक, आभाळ तयार. माझी रॉ फाइल फिकी, झोपेतून उठल्यासारखी. फरक घरी लॅपटॉपवर कळला. दादाच्या फोटोतलं धुकं मोठं केल्यावर साबणाच्या फेसासारखं सपाट झालं, माझ्यातल्या झाडीत झाडं होती.

परतताना आठच्या आत घाटावर पोचलो. ऊन तेव्हा कोवळं असतं, नंतर कपाळं चमकतात आणि डोळे मिचमिचतात. पायऱ्या म्हणजे आयत्या रांगा. म्हातारे मधल्या पायरीवर, उंच मंडळी मागे, पोरं पुढे. कॅमेरा ट्रायपॉडवर, किट लेन्स तीस मिलिमीटरच्या आसपास. अगदी रुंद केली की कडेची माणसं ताणून जाड दिसतात, आणि कडेला आत्या उभी होती. वीस सेकंदांत मी पळत जाऊन बसले, नऊ क्लिक्स झाले. पहिल्या चारांत सगळे ताठ. पाचव्या वेळी काकू म्हणाली, ‘अगं, अजून किती?’ आणि सगळे हसले. सहावा फोटो भिंतीवर लागणार आहे.

मग मेणवली. वाईपासून तीन-चार किलोमीटरवर, नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव. पायऱ्या-पायऱ्यांचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथे टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीज चर्चमधली. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, १७३९नंतर, अशा घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. ‘स्वदेस’ (२००४) मधलं चरणपूर म्हणजे हेच गाव. पोरांना एवढं सांगितलं की ती पायऱ्यांवर आपणहून पोज देतात. पळत्या पोरांचे फोटो मात्र कॅमेऱ्यालाच जमले, फोनवर त्यांचे हात वितळल्यासारखे आले होते.

आजीचा फोटो राहिला होता. तो दुपारी काढला, सगळे जेवून आडवे झाल्यावर. बल्ब बंद केला. बल्बचा पिवळा आणि खिडकीचा पांढरा उजेड एकत्र आला की चेहरा आजारी दिसतो. आजी खिडकीपाशी वाती वळत बसली होती. ३५ची लेन्स, एफ १.८, आयएसओ १६००, सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. ती अधूनमधून बोलत होती. कोणत्या कोनाड्यात काय असायचं, बाबा कुठे पडले होते, आजोबा कुठे बसायचे. मला ‘इकडे बघ’ म्हणावं लागलं नाही. तिच्या बोटांतला कापूस, कानाशी आलेले पांढरे केस, मागे खिडकीचे लाकडी गज आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलेला त्यांच्या सावल्यांचा पट्टा. फ्लॅश मारला असता तर यातलं काहीच आलं नसतं. चाळीस-एक फोटो काढले असतील. एकात ती बोलायची थांबून भिंतीकडे बघते आहे.

तो दाखवल्यावर आजीनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, स्वतःला फारसं बघितलं नाही. बोट ठेवून म्हणाली, ‘खिडकी आली गं सगळी.’

फोटो कागदावर येऊ द्या

शेवटचा खर्च प्रिंटचा. तो बजेटमध्ये आधीच धरा. सहा बाय चार इंचाच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. म्हणजे फक्त सव्वादोन मेगापिक्सेल! भिंतीवरच्या बारा बाय अठरा इंचाला साधारण साडेएकोणीस लागतात. चोवीस मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा त्यात आरामात बसतो. त्यामुळे मेगापिक्सेलच्या जाहिराती बघून भुलायचं कारण नाही. फाइल्स दोन ठिकाणी ठेवा. एक कॉपी लॅपटॉपवर, दुसरी हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्याच्या घरी. आमची आत्याकडे आहे.

खिशातली चिठ्ठी

कधी जायचं: शनिवारी दुपारी, बारा ते चार. रविवारी फोर्टातली बहुतेक दुकानं बंद.

काय न्यायचं: तुमच्या तीन फोटोंची यादी, टॉर्चवाला मोबाइल, स्वतःचं मेमरी कार्ड. दुकानात काढलेले टेस्ट फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मग दुसऱ्या दिवशी पैसे द्या.

फक्त बाहेरचे फोटो काढणार असाल: किट लेन्स पुरे. ३५च्या लेन्सचे पैसे वाचवून चांगला ट्रायपॉड घ्या.

घरात लहान मूल असेल: उलट करा. ट्रायपॉड राहू द्या, एफ १.८ची लेन्स आधी.

वजन नको असेल: एक इंच सेन्सरचा खिशातला कॅमेरा वापरलेला शोधा. सोनीचा पहिला आरएक्स १०० (२०१२) बॅटरी-कार्डासकट फक्त २४० ग्रॅम. सेन्सर एपीएस-सीच्या एक तृतीयांशाहून कमी, पण छोट्या झूमवाल्यांच्या चौपट.

पावसाळ्यात: हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पीठ आत जातं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा.

आणि घरातलं कोणी, किंवा घरच, फार दिवसांचं सोबती नसेल, तर पुढच्या मॉडेलची वाट बघू नका. येत्या शनिवारीच सीएसटी गाठा.